दुपारची दुरुस्ती

१

कॉम्प्युटर बिघडवायला अक्कल लागत नाही. पण आपल्याच हाताने दोन मिनिटांत सुधारता येईल इतकाच बिघडवायचा, तर सराव लागतो, आणि धनराजला तो चांगला झाला होता. सकाळी बायको न्हाणीत गेली की तो समोरच्या खोलीतल्या टेबलाखाली वाकायचा, कॅबिनेटचं झाकण सरकवायचा आणि आतली रॅमची पट्टी एका टोकाने किंचित वर उचलून ठेवायचा. मग मशीन चालू केलं तर नुसती शिटी वाजते आणि स्क्रीन काळा राहतो. झाकण लावून, हात धुऊन तो साडेआठच्या जीपने कामरगावहून कारंज्याला निघून जायचा.

कारंज्यात धान्यबाजारामागच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बारा वर्षं तो हेच करत होता. पद्धत साधी. मशीन बंद पडलं की एकेक पार्ट काढायचा, त्याच्या जागी चांगला लावून पाहायचा, आणि ज्याच्या बदलीने मशीन चालू झालं तो जुना पार्ट टोपलीत फेकायचा. यात फार विचार करावा लागत नाही, आणि धनराजला फार विचार करायची हौसही नव्हती.

घरचं मशीन त्यानेच जुन्या पार्टांमधून जोडून सुकेशनीला दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी. घरी बसून कंटाळते, तिला तेवढाच विरंगुळा, म्हणून. तर ही बाई त्यावर लोकांचे सरकारी योजनांचे फॉर्म भरायला लागली. आधी शेजाऱ्यांचे, मग गल्लीचे, आणि या दिवाळीपर्यंत पार आसेगावहून माणसं तिच्याकडे येऊ लागली. तिने भरलेला फॉर्म परत येत नाही अशी ख्याती झाली. लोक तिला मॅडम म्हणत. धनराजला एवढी वर्षं 'कॉम्प्युटरवाला' म्हणत आले होते, आणि आता 'मॅडमचे मिस्टर' म्हणू लागले.

हे त्याला झोंबलं. बायकोला फार काम पडतं, तिची तब्येत बिघडेल, असं तो स्वतःला सांगायचा. पण ती काही काळजी नव्हती. तो अस्सल मत्सर होता, आणि घरातल्या माणसाचा होता, म्हणून जास्त जळजळीत होता.

म्हणून ही रोजची सकाळची करामत. दहाच्या सुमारास तिचा फोन यायचा. "पुन्हा बंद पडला जी." मग तो दुकानातूनच सांगायचा, "राहू दे. तुया हातानं काही करू नोको. मी आल्यावर पाह्यतो." सहाला घरी पोचेपर्यंत ओट्यावर पाच-सात माणसं ताटकळत असायची. त्यांच्या देखत तो बाह्या सरसावून टेबलाखाली जायचा, थोडी खुडबुड करायचा, आणि मशीन चालू व्हायचं. सगळे त्याच्याकडे बघायचे. दिवसातली तेवढी दोन मिनिटं त्याला फार आवडायची.

२

मग एका मंगळवारी फोन आलाच नाही.

दहा वाजले, बारा वाजले. धनराजने दोनदा मोबाइल उचलून बघितला. संध्याकाळी घरी आला तर ओटा रिकामा होता आणि सुकेशनी चुलीपाशी तुरीच्या शेंगा उकडत होती.

"आज लोकं नाही आले काय?"

"आले ना. वीस फॉर्म झाले आज."

"मंग कॉम्प्युटर चालला म्हना."

"चालला. कायले?"

आता याला काय उत्तर देणार? 'मी बिघडवून गेलो होतो, तो सुधारला कोणी' असं कुठला नवरा विचारेल? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ती दूध आणायला गेली तसा धनराज टेबलाखाली शिरला.

झाकण काढताना त्याचा हात थबकला. झाकणाला चार स्क्रू होते. तो स्वतः नेहमी दोनच लावायचा, कारण परत उघडायचंच असतं. आत रॅमची पट्टी नीट बसलेली होती, दोन्ही बाजूंचे खटके लागलेले. तिच्या पिवळ्या दातांवरून कोणीतरी खोडरबर फिरवला होता, ते लखलखीत दिसत होते. हेही बरोबरच, रॅम साफ करायची खरी रीत तीच. फक्त धनराजने ती गेल्या आठ वर्षांत कधी पाळली नव्हती. तो फुंकर मारून मोकळा व्हायचा. आतल्या वायरी, ज्या त्याने नुसत्या कोंबून ठेवल्या होत्या, त्या एका बाजूला घेऊन पांढऱ्या सुतळीने बांधल्या होत्या. पंख्यावर धुळीचा कण नव्हता.

कोणीतरी येऊन गेलं होतं. ते वाईट होतंच. पण त्या माणसाचं काम आपल्यापेक्षा सुबक आहे हे धनराजला त्याहून वाईट लागलं.

३

बुधवारी त्याने रॅम उचलून ठेवली, शिवाय पॉवर बटनाची बारीक वायर उपटली. गुरुवारी हार्ड डिस्कची केबल काढून उलटीकडे ढकलून दिली. फोन आला नाही. दोन्ही संध्याकाळी मशीन चालू, वायरी जागच्या जागी, झाकणाला चार स्क्रू. सुकेशनी कामात गुणगुणत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण ती गुणगुणते हे धनराजला ठाऊक नव्हतं.

त्याचा संशय गोपीचंदवर होता. गोपीचंद कामरगावच्या स्टँडवर मोबाइल दुरुस्त करायचा, केस उलटे वळवायचा आणि बायकांशी हसून बोलायचा. शुक्रवारी सकाळी धनराज जीप सोडून आधी त्याच्या टपरीकडे गेला. टपरी बंद. बाजूच्या चहावाल्याने सांगितलं, "तो अकोल्याले हाय. दिवाईच्या आंधीच पाय मोडला त्याचा. प्लास्टर हाय मांडीपर्यंत."

धनराजला बरं वाटायला हवं होतं. उलट तो घाबरला. जोवर गोपीचंद होता तोवर निदान एक तोंड होतं, ज्याचा राग धरता येत होता.

४

शनिवारी त्याने रॅमची पट्टी उचलून ठेवली नाही. काढलीच, रुमालात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात घातली. रॅम नसलेलं मशीन कोणी कितीही शहाणा असला तरी चालू करू शकत नाही. त्यासाठी नवी पट्टी आणावी लागते, आणि जवळपास ती फक्त कारंज्यात मिळते.

दुकानात त्याने ती गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. दर तासाला ड्रॉवर उघडून बघत होता. पट्टी जागेवर होती. गिऱ्हाईक आलं, गेलं. बाजारात सोयाबीनचे ट्रॅक्टर लागले होते, त्यांची धूळ दुकानापर्यंत येत होती. फोन वाजला नाही.

पट्टी पुन्हा खिशात घालून तो सहाला घरी आला तर खोलीतून प्रिंटरचा आवाज येत होता. सुकेशनी एका म्हाताऱ्याच्या हातात कागद देत होती. धनराजने म्हातारा जाईपर्यंत वाट पाहिली, मग मशीन बंद केलं आणि झाकण उघडलं. बायको पाहत होती, तरी त्याला पर्वा राहिली नव्हती.

रॅमच्या खाचेत पट्टी होती.

दुरुस्तीवाल्यांची एक रीत असते. आपण लावलेल्या प्रत्येक पार्टवर मार्करने आपली खूण आणि तारीख लिहायची, म्हणजे मध्ये दुसऱ्या कोणी तो बदलला तर कळतं. धनराजची खूण गोलातला 'ध' अशी होती, आणि त्या 'ध'ची शेपटी तो सवयीने गोलाच्या बाहेर काढायचा. आतल्या पट्टीवर तीच खूण होती. शेपटी गोलाबाहेर आलेली. खाली आजची तारीख होती.

त्याने खिशातली पट्टी काढून शेजारी धरली. तिच्यावरही त्याचीच खूण होती, दोन वर्षांपूर्वीची, पुसट झालेली. दोन्ही अक्षरं एकाच हाताची होती.

"काय झालं?" सुकेशनीने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "धूळ पाहून राह्यलो होतो."

"धूळ कायची? रोजच त साफ होते."

५

समोरच्या घरी गोजराबाई राहायची. सत्तरी ओलांडलेली, दिवसभर ओट्यावर बसून धान्य निवडायची, आणि गल्लीत कोण आलं कोण गेलं याची हजेरी तिच्याइतकी कोणी ठेवत नसे. रविवारी दुकान बंद असतं. धनराज तिच्याजवळ जाऊन बसला आणि आडून आडून विचारलं, दुपारच्या वेळी आपल्या घरी कोण येतं.

"फॉर्मवाले येतात, अन् कोन येते?"

"ते नाही. दुसरं कोनी. सुधरवाले."

गोजराबाईने सुपातला खडा उचलून फेकला आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"बाबू, तू मायी थट्टा करून राह्यला काय? तूच त येतं."

"मी कारंज्यात रायतो, आजी."

"रायत असशीन. पन एक वाजता येतं अन् तीन वाजता जातं. मले दिसत नाही असं समजू नोको. मायं मोतीबिंदूचं आपरेशन झालं, आता मले गल्लीतल्या कोंबडीची बोटं मोजता येतात." मग दुसरा खडा उचलत ती म्हणाली, "अन् दुपारी तू बरा बोलतं. जाता-जाता मले राम राम घालतं. संध्याकायी त पाह्यत बी नाही इकडे."

म्हातारी चळली आहे, धनराजने ठरवलं. माणसाचं वय झालं की कालचं आज आणि आजचं काल होतं. तरी सोमवारी दुकानात पोचल्या पोचल्या त्याने दरवाज्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं आणि शनिवारची एक ते तीनची वेळ लावली. तो दुकानातच होता. खुर्चीत बसलेला. एका मुलीचा प्रिंटर न बघताच 'होत नाही' म्हणून परत पाठवला. समोसा खाऊन हात खुर्चीला पुसला. ड्रॉवर उघडला, बंद केला. मोबाइल बघितला. पुन्हा ड्रॉवर उघडला.

दोन तास त्याने स्वतःकडे बघितलं. आपण तिथेच होतो याची खात्री झाली. पण तो खुर्चीतला माणूस त्याला फारसा आवडला नाही.

६

त्या संध्याकाळी जेवताना त्याने विचारलंच.

"मी दुपारी घरी येतो काय?"

सुकेशनीचा भाकरी मोडता हात थांबला. "हे बी ईचाराचं असते काय?"

"सांग ना."

"येता ना."

"अन् काय करतो?"

"काय करता? पाह्यता मशीन. बसता. फॉर्म कसा भरते ते पाह्यता. परवा मले ते दोन बाजूनं छापाचं शिकवलं." हे सांगताना ती हसली, ताटाकडे बघून. "नऊ वर्षांत तुमी मले काही शिकवलं नव्हतं जी. मले वाटलं, देर आये दुरुस्त आये."

ते हसू धनराजच्या नावाचं होतं आणि ते त्याला कधी मिळालं नव्हतं. आपल्या बायकोला आपल्याच नावाने कोणी हसवून जातं आणि आपण त्याच्यावर दातओठ खातो, हे कोणाला सांगायचं?

"मंग संध्याकायी मी कसा असतो?" त्याने विचारलं.

आधी गमतीने, मग बारकाईने, मग आणखीनच वेगळ्या तऱ्हेने ती त्याच्याकडे बघत राहिली. जसा एखादा सही केलेला कागद नि दुसरा सही केलेला कागद शेजारी ठेवून बघतात. मग तिने ताट उचललं.

"थकलेले असता," ती म्हणाली, आणि भांडी घासायला निघून गेली.

७

मंगळवार हा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. चाळीस जणांचे कागद सुकेशनीने मशीनमध्ये घालून ठेवले होते, सातबारे, पासबुकं, सगळं. धनराजला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच त्याने त्या सकाळी पक्कड घेतली.

आधी रॅमची पट्टी काढली. मग हार्ड डिस्क काढून बॅगेत टाकली. मग पॉवर सप्लायची जाड वायर, जी तो बारा वर्षांत कधी कोणाच्या मशीनमध्ये कापली नव्हती, ती मुळापासून कापली. दोन मिनिटांत सुधारेल असं हे बिघडवणं नव्हतं. पण आता त्याला ते सुधारायचंही नव्हतं. त्याला फक्त कोण येतं ते बघायचं होतं, आणि जो येतो त्याला हरलेलं बघायचं होतं.

साडेआठच्या जीपने तो गेला, दुकान उघडलं, आणि साडेबाराच्या जीपने परत फिरला. बॅग मांडीवर घट्ट धरून बसला होता. ती आतली डिस्क हाताला लागत होती.

गल्लीत ऊन होतं. गोजराबाईचा ओटा रिकामा होता, ती जेवायला आत गेली असणार. आपल्या दारापासून दहा पावलांवर असतानाच त्याला कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू आली. अर्धं मशीन त्याच्या बॅगेत होतं.

दाराबाहेर चपलांचा एक जोड होता. डाव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला. धनराजने खाली आपल्या पायांकडे बघितलं. त्याच्याही डाव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला होता, गेल्या महिन्यात कारंज्याच्या स्टँडवर, आणि शिवणाऱ्याने एक टाका वाकडा घातला होता. तो वाकडा टाकाही दाराबाहेरच्या चपलेवर होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून खोली दिसत होती. टेबलाखालून कोणाचे तरी पाय बाहेर आले होते, टाचा भेगाळलेल्या. उजव्या घोट्याजवळ डाग होता, गरम सोल्डरिंग गन पडून झालेला असतो तसा. सुकेशनी शेजारी उकिडवी बसून मोबाइलचा उजेड धरून होती. ती काहीतरी हळू बोलली आणि टेबलाखालून कोणीतरी हसलं. मग तिथून एक हात बाहेर आला, तळवा वर करून. न बघताच तिने त्या तळव्यावर एक स्क्रू ठेवला. हात आत गेला. पुन्हा बाहेर आला. पुन्हा स्क्रू.

धनराजला भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर, नुसता मत्सर. तिने त्याच्या तळहातावर कधी असं काही ठेवलं नव्हतं. त्याने कधी हात पुढे केला नव्हता, हे त्याला नंतर सुचलं.

त्याने दार ढकललं नाही. पण त्याची सावली फटीतून आत पडली असावी, कारण सुकेशनीने मान वळवली. ती दचकली नाही. उठली, पदर सारखा केला, बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं.

"आत कोन हाय?" त्याने विचारलं.

"तुमीच त हाय."

"मी अठी उभा हाय, सुकेशनी."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग बॅगेकडे. "बॅगीत काय हाय?"

त्याने बॅग छातीशी धरली.

"डिस्क हाय ना? चाळीस जनायचे कागद हायत त्यात." तिचा आवाज चढला नाही. "सकायी तुमी मोडून जाता हे मले पह्यल्याच हप्त्यात समजलं होतं. मी न्हानीत पानी चालू ठेवून दाराआडून पाह्यत होती. म्हटलं कवातरी थांबसान. लय वाट पाह्यली जी."

"मंग तुले ठाऊक होतं, तो मी नाही म्हनून?"

"काल समजलं. तुमी ईचारलं तवा." तिने दाराकडे पाहिलं. "पन तो काही मोडत नाही."

तिने हात पुढे केला. धनराजला काही बोलायचं होतं, शिवी द्यायची होती, रडायचं होतं, आपण तिचा नवरा आहोत हे गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. त्याने बॅग तिच्या हातात दिली. आतली घरघर थांबली, आणि टेबलाखालून कोणीतरी बाहेर सरकल्याचा आवाज आला.

"कोन आलं वं, सुकेशनी?"

तो आवाज धनराजचा होता. त्यात जी मऊ चौकशी होती, तेवढी मात्र त्याने स्वतःच्या आवाजात कधी ऐकली नव्हती.

सुकेशनीने त्याच्यावरून नजर काढली नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण ती मागे हटली नाही.

"कोनी नाही जी," ती आतल्या दिशेने म्हणाली. मग हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "तुमी सहाले येता ना? मंग सहाले या."

दार लागलं. थोड्या वेळाने पंख्याची घरघर पुन्हा सुरू झाली, आणि तिच्यावरून कीबोर्डचा आवाज, सावकाश, मग भरभर. धनराज उन्हात उभा होता. दीड वाजला होता. सहा वाजायला साडेचार तास होते, आणि दुकान उघडंच राहिलं होतं, म्हणून तो कारंज्याच्या जीपकडे चालू लागला.